मंत्रिमहोदय, निरीक्षक श्रावणात पाठवा

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : तळलेल्या चिकनच्या साखळी दुकानांची तपासणी कधी आणि कशी व्हावी

महोदय,

मुंबई, ठाणे, पुणे पट्ट्यात तळलेल्या चिकनच्या नव्या साखळ्या येत आहेत आणि जुन्या साखळ्या दुकानं वाढवत आहेत. अशा दुकानांत फ्रायर बसवणं आणि अन्नसुरक्षेची तपासणी करणं हे आमचं रोजचं काम. साखळ्यांना आमचा विरोध नाही. तक्रार आहे ती तपासणीच्या मुहूर्ताबद्दल. परवान्याच्या वेळी पाहणी झालीच, तर ती कोऱ्या स्टीलच्या, तेलाचा थेंबही न पडलेल्या स्वयंपाकघराची होते. दुकान घसरतं ते विक्री पडते त्या आठवड्यांत, आणि महाराष्ट्रात ती कधी पडणार हे भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेलं असतं.

केएफसीने जून १९९५ मध्ये बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर भारतातलं पहिलं दुकान उघडलं. शेतकरी नेते नंजुंडस्वामींच्या कर्नाटक राज्य रयत संघाने विरोध केला. मसाल्यात मोनोसोडियम ग्लुटामेट (चव वाढवणारं, ‘अजिनोमोटो’ नावाने ओळखलं जाणारं मीठ) मर्यादेबाहेर असल्याचं कारण देऊन महापालिकेने परवाना रद्द केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि दुकान पुन्हा सुरू झालं. मसाल्यावरून रान पेटवता येतं. तळणीतल्या तेलावरून आणि चिलरमधल्या ट्रेवरून ते पेटत नाही. ग्राहकाचं पोट मात्र तिथूनच बिघडतं.

मुंबईची बाजारपेठ अवघड का, याची उत्तरं बहुतेक जण भाड्यात आणि वडापावच्या किमतीत शोधतात. आमच्या मते खरी अडचण वारांची आहे. बुधवार, शुक्रवार, रविवार खाण्याचे. सोमवार, गुरुवार, शनिवार अनेक घरांत वर्ज्य. गटारीला रांग दाराबाहेर जाते आणि श्रावण लागला की तेच दुकान ओस पडतं. त्यातही उत्तर भारतीय ग्राहकांचा श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी सुरू होतो, त्यामुळे मुंबईत मागणी दोन पायऱ्यांनी उतरते. पुढे गणपती, पितृपक्ष, नवरात्र. कुर्ल्यात किंवा मुंब्र्यात मात्र यातलं फारसं काही जाणवत नाही, तिथे रमजानमध्ये सगळी गर्दी रोजा सुटल्यानंतरच्या काही तासांत उसळते. मुख्यालयातली संगणकप्रणाली मागच्या काही आठवड्यांच्या सरासरीवर उद्याच्या विक्रीचा आकडा काढत असेल, तर तिला यातलं काहीच कळत नाही.

आकडा चुकला की काय होतं ते पाहा. गोठवलेला माल उणे १८ अंशांवर येतो. तो ४ अंशांच्या चिलरमध्ये सावकाश बर्फ सुटून मोकळा व्हायला साधारण एक ते दीड दिवस लागतो. म्हणजे रविवारचं चिकन शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी सकाळीच बाहेर काढावं लागतं. समजा, गटारीच्या अंदाजाने ४० कोंबड्या काढल्या. एकीचे ९ पीस धरले तर ३६० पीस. श्रावणातल्या पहिल्या सोमवारसाठीही प्रणालीने तेवढ्याच काढायला लावल्या आणि खपले १००. उरलेले २६० पीस ठरल्या मुदतीत विकायचे किंवा फेकायचे. फेकले की ‘वेस्ट’ची टक्केवारी चढते आणि अनेक ठिकाणी मॅनेजरचा बोनस त्या टक्केवारीला बांधलेला असतो. मग ट्रेवरची तारखेची चिठ्ठी बदलते, किंवा मोकळा झालेला माल परत डीप फ्रीझरमध्ये जातो. तळून ठेवलेल्या पिसांचंही तेच. गरम कपाटाचा टायमर वाजला की पीस टाकून द्यायचे असतात. प्रत्यक्षात बटण दाबून टायमर नव्याने सुरू केला जातो.

उलट चूकही होते. गर्दीच्या दिवशी माल कमी पडला की अर्धवट गोठलेले पीस पाण्याखाली धरून पिठात घोळवले जातात. फ्रायरचा ठरलेला वेळ पूर्ण मोकळ्या पिसासाठी असतो. आत बर्फ असेल तर कवच सोनेरी होतं, पण मांडीच्या हाडाजवळचा भाग ७५ अंशांपर्यंत पोहोचत नाही. इथे एक सांगायला हवं : हाडाजवळचा लालसर रंग हा कच्चेपणाचा पुरावा नाही. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला मगज गोठवल्यावर झिरपतो आणि शिजल्यावरही तो भाग काळपट-लाल राहतो. रंगावरून ना शेरा मारावा, ना सोडून द्यावं. टोकदार थर्मामीटर सगळ्यात जाड पिसात, हाडाला न टेकवता, खुपसावा.

आता तेल. सर्वसाधारण समज असा की गर्दीच्या दुकानातलं तेल जास्त खराब. बहुतेकदा उलटं असतं. भरपूर तळण असलेल्या फ्रायरमधून प्रत्येक खेपेला पीस थोडं तेल घेऊन बाहेर पडतात, तेवढं ताजं तेल वरून ओतावं लागतं, आणि जुन्यात नवं मिसळत राहतं. श्रावणात ग्राहक नसतो, पण काउंटरवर थांबायला लागू नये म्हणून तेल दिवसभर १७० अंशांच्या आसपास तापत ठेवलं जातं. तळण नाही, भर नाही, हवेशी संपर्क मात्र चालूच. असं तेल न वापरताच मरतं. उपाय साधा आहे : चारपैकी दोन फ्रायर बंद करून झाकायचे आणि सगळं तळण उरलेल्या दोनांत करायचं. पण बंद फ्रायर गरम व्हायला वेळ लागतो, म्हणून कोणी बंद करत नाही.

तेल तापून बिघडताना त्यात जी ध्रुवीय संयुगं साठतात, त्यांच्या एकूण प्रमाणाची, म्हणजे टीपीसीची, मर्यादा २५ टक्के आहे आणि ती १ जुलै २०१८ पासून लागू आहे. ती मीटरने मोजता येते, पण मोजण्याचीही रीत आहे. शेवटची खेप काढल्यावर पाचेक मिनिटं थांबून, बुडबुडे विरल्यावर मीटर बुडवावा. तेलात पाणी असेल तर आकडा खोटा चढतो आणि दुकानदाराला वाद घालायला जागा मिळते. मीटरचं टोक तापणाऱ्या नळ्यांना आणि भांड्याच्या कडेला टेकू देऊ नये. आणि एकाच फ्रायरवर समाधान मानू नये. सगळ्यात कमी वापराचा कोणता ते विचारून तो आधी मोजावा.

दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनी वापरलेल्या तेलाची नोंद ठेवून ते अधिकृत संकलकाला द्यायचं असतं. ही नोंद एकटी पाहून उपयोग नाही. खरेदीची बिलं आणि संकलकाच्या पावत्या शेजारी ठेवाव्यात. महिन्यात विक्री निम्मी झाली, खरेदी मात्र तेवढीच, आणि संकलकाला दिलेलं तेल घटलेलं, असं दिसलं तर उरलेलं कुठल्या गाडीच्या कढईत गेलं हे विचारायला हवं.

शाकाहारी ग्राहकांसाठीही एक मुद्दा. या दुकानांत पनीर बर्गर आणि फ्राइज असतात, त्यांचा फ्रायर वेगळा असतो आणि तो अधिकाऱ्यांना अभिमानाने दाखवला जातो. तेल गाळायचं चाकांवरचं यंत्र किती, हे कोणी विचारत नाही. ते एकच असेल तर रात्री चिकनचं तेल ज्या पंपातून आणि नळीतून गेलं, त्यातूनच फ्राइजचं तेल जातं. हिरव्या ठिपक्याला मग काय अर्थ?

म्हणून विनंती अशी की आपण अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या भेटींचं वेळापत्रक तिथीनुसार लावावं. एक भेट गटारीच्या संध्याकाळी सात ते नऊ दरम्यान थर्मामीटर घेऊन, आणि दुसरी त्याच दुकानाला श्रावणातल्या मंगळवारी दुपारी टीपीसी मीटर घेऊन. मंगळवार अशासाठी, की सोमवारचा उरलेला माल तोवर चिलरमध्येच असतो. कुर्ला-मुंब्र्यासारख्या भागांत याच दोन भेटी रमजानची गर्दी आणि ईदनंतरचा आठवडा पाहून ठरवाव्यात. दारातून आत गेल्यावर आधी ‘वेस्ट’ची वही मागावी. श्रावणात जिथे रोज शून्य लिहिलंय, तिथे चिलरमधला प्रत्येक ट्रे उघडून पाहावा. मुख्यालयालाही एक लेखी प्रश्न जावा : मॅनेजरचा बोनस ‘वेस्ट’च्या टक्केवारीवर ठरतो का? उत्तर ‘हो’ असेल, तर श्रावण ते नवरात्र या काळात तो निकष स्थगित ठेवण्याची सूचना आपण करावी.

टीपीसी मीटर कोणत्या जिल्ह्यात किती आहेत आणि ते शेवटचे कधी प्रमाणित करून घेतले, याची यादीही आषाढ संपण्याआधी आपल्या टेबलावर यावी.

आपले,
तळणघरांची उभारणी आणि तपासणी करणारे तंत्रज्ञ