जुन्या गाड्यांसाठी कमी इथेनॉलचे पेट्रोल मिळावे

महोदय,

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याला माझा विरोध नाही, हे आधीच नमूद करतो. निफाड-दिंडोरीच्या उसाला त्यातून चार पैसे अधिक मिळणार असतील आणि कच्च्या तेलाच्या आयातीचा खर्च वाचणार असेल, तर ते हवेच आहे. परंतु २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल सरसकट आल्यापासून कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या यांत्रिक भागाच्या) जुन्या गाड्या कशावर चालवायच्या, याचे उत्तर मिळत नाही.

वडिलांनी घेतलेली १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी मी आजही चालवतो. यंदा पावसाळ्यात ती दोन महिने उभी होती. गणपतीत सुरू करायला गेलो, तर स्टार्टर फिरे, पण इंजिन काही पकडेना. नाशिकच्या द्वारका परिसरातील आमच्या मिस्त्रींनी कार्बोरेटर उघडला, तेव्हा त्यातील पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या तळाशी पाण्याचे थेंब आणि कडेने पांढरट भुकटी दिसली; टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या गाडीतल्या पंपाचा डायफ्राम (लवचिक पडदा) फुगून वेडावाकडा झाला होता आणि रबरी पाइप बोटांनी वाकवताच त्यावर भेगा उमटल्या. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की ते पाणी इथेनॉलला सोबत घेऊन पेट्रोलपासून वेगळे होते व टाकीच्या तळाशी बसते. इंजिनाकडे जाणारी नळी पेट्रोल ओढते तीही तळातूनच. त्या काळचे रबर आणि जस्तमिश्रित धातूचे सुटे भाग अशा इंधनासाठी बनवलेलेच नव्हते. शिवाय इथेनॉलमधील ऑक्सिजनमुळे हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. नवी गाडी सेन्सरच्या आधारे ते सावरून घेते, जुन्या गाडीचा मात्र जेट (कार्बोरेटरमधील पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) बदलावा लागतो.

यावर उपाय म्हणून दुकानांत अ‍ॅडिटिव्हच्या (पेट्रोलमध्ये मिसळायच्या रसायनांच्या) बाटल्या विकल्या जातात. त्यांतील काही गंज रोखायला थोडीफार मदत करतात, हे खरे. परंतु कोणतीही बाटली पेट्रोलमधून इथेनॉल काढून टाकत नाही आणि तळाशी बसलेले पाणीही नाहीसे करत नाही. ‘ही टाका आणि निश्चिंत राहा’ असे ग्राहकाला सांगणे मला गैर वाटते.

नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या वाहनांसाठी १० टक्के मिश्रणाचे पेट्रोल उपलब्ध ठेवावे, असे सुचवले होते. त्याच वर्षी केंद्राने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ मालिकेतील स्वतंत्र नोंदणी आणली. ज्या गाड्यांना वारसा म्हणून वेगळा क्रमांक दिला जातो, त्यांना साजेसे इंधनही मिळायला हवे. नाशिकसारख्या प्रत्येक जिल्ह्यात किमान एका पंपावर असे पेट्रोल ठेवावे आणि प्रत्येक पंपावर इथेनॉलचे प्रमाण ठळक मराठीत लिहावे, अशी माझी विनंती आहे. लिटरमागे काही रुपये जास्त मोजावे लागले, तरी आमची तयारी आहे.

– एक वाचक, नाशिक