काँग्रेसमन म्हणजे काँग्रेसवाला नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत 'डेट्रॉइटवर मराठी पताका' वाचला. मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटमधून अमेरिकेच्या संसदेत गेलेले श्री ठाणेदार आमच्या गावात वाढलेले, तेव्हा अभिमान आम्हालाही आहे. पण लेखात त्यांना तीन ठिकाणी 'काँग्रेसचे खासदार' म्हटलंय. आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये आपला पेपर दिवसभर हातोहात फिरतो. आज दाढीला साबण लावता लावता मला प्रश्न आला, "सर, तिकडं पण काँग्रेसच काय?" अहो, अमेरिकेच्या संसदेचं नावच काँग्रेस. ठाणेदार डेमोक्रॅटिक पक्षाचे. एवढं तरी कुणी तपासायचं होतं.

ते एक वेळ सोडा. ठाणेदारांच्या निवडीवर 'काही असंतुष्ट कृष्णवर्णीय नेत्यांनी नाकं मुरडली' हे एका ओळीत उरकलंत, ते खटकलं. का मुरडली हे लिहायला जागा नव्हती. ठाणेदारांच्या बेळगावातल्या लहानपणाला मात्र अर्धं पान होतं.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे मिशिगनला होतो. जावयांनी डिअरबॉर्नचं हेन्री फोर्ड संग्रहालय दाखवायला नेलं. १९५५ मध्ये रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी जिच्यातली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला, ती माँटगोमेरीची बस तिथं ठेवलीय. आत जाऊन बसता येतं. शेजारच्या बाकावर डेट्रॉइटचे एक कृष्णवर्णीय आजोबा टेकले होते, हातात काठी. मी भारतातला म्हटल्यावर ठाणेदारांचं नाव त्यांनीच काढलं. मी लगेच छाती फुगवून, आमच्याच गावचे!

आजोबा हसले. मग काठीच्या मुठीवर बोटं मोजत नावं सांगू लागले. चार्ल्स डिग्ज, १९५४ मध्ये निवडून आले, मिशिगनमधले पहिले कृष्णवर्णीय खासदार. मतदारसंघ आता ठाणेदारांचा तोच, क्रमांक १३. एमेट टिल या कृष्णवर्णीय पोराच्या खुनाचा खटला गोऱ्यांवर चालला तेव्हा हा माणूस मिसिसिपीत जाऊन कोर्टात बसला. मग १९६४ मध्ये शेजारच्या मतदारसंघातून जॉन कॉन्यर्स, प्राथमिक फेरीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) अवघ्या १०८ मतांनी. पुढं पन्नासहून जास्त वर्षं. (दोघांचाही शेवट वाईट. डिग्ज पैशांच्या प्रकरणात दोषी ठरले, कॉन्यर्सना लैंगिक छळाच्या आरोपांनंतर २०१७ मध्ये राजीनामा द्यावा लागला. मी विचारलं नव्हतं, आजोबांनी आपणहून सांगितलं.) याच कॉन्यर्सच्या डेट्रॉइटमधल्या कचेरीत रोझा पार्क्स १९६५ ते १९८८ नोकरीला होत्या. आजोबांची आई घरभाड्याच्या भानगडीत तिथं गेली, तर गाऱ्हाणं ऐकून घ्यायला समोर ही बाई!

ते म्हणाले, तुमच्या माणसाशी माझं भांडण नाही. पण मी शाळेत होतो तेव्हापासून डेट्रॉइटहून आमचं कुणी ना कुणी वॉशिंग्टनला असायचं. आता नाही.

माझ्या अगदी ओठावर आलं होतं, मतं पडली तो आला, त्यात रडायचं काय? २०२२ च्या प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार, बहुतेक कृष्णवर्णीय. मतं फुटली आणि २८ टक्क्यांच्या आसपास मतांवर ठाणेदार निघाले. डेट्रॉइट डेमोक्रॅट्सचा गड, तेव्हा खरी निवडणूक ती ऑगस्टची प्राथमिक फेरीच, नोव्हेंबरची नावापुरती. पदरचे लाखो डॉलर त्यांनी ओतले, पण मतपेटी काही पळवली नाही. त्यात जनगणनेनंतर मिशिगनची संसदेतली एक जागा घटून १३ उरल्या, मतदारसंघांचा नकाशा नव्यानं आखला गेला.

तरी मी वाक्य गिळलं. कारण २०१८ मध्ये कर्नाटक विधानसभेत आमच्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा (बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणारी) एकही आमदार आला नाही, तेव्हा बंगळुरूच्या एका गृहस्थांनी मला हेच ऐकवलं होतं. "तुमचीच मतं फुटली, रडता कशाला?" रात्री जेवण गेलं नव्हतं मला. सीमारेषा आखताना आम्हाला कुणी विचारलं नाही, म्हणून सत्तर वर्षं आम्ही 'आपला माणूस हवा' म्हणतोय. ते आपल्याच पेपरात लढा म्हणून छापून येतं. डेट्रॉइटवाले तेच म्हणाले की असंतुष्ट!

'डेट्रॉइटचे पहिले दक्षिण आशियाई वंशाचे खासदार' हेही चूक. २०१० मध्ये याच १३ क्रमांकातून हॅन्सन क्लार्क निवडून आले होते. वडील आताच्या बांगलादेशातले, आई कृष्णवर्णीय. पहिले मराठी म्हणा, कुणाची ना नाही.

आणि हो, लेखात सगळीकडे 'बेळगावी' छापलंय. कर्नाटक सरकारनं २०१४ मध्ये नाव बदललं ते त्यांच्या कागदावर. मराठी पेपरानं ते का उचलावं? मागच्या वर्षी माझ्या पत्राखालीही आपण तसंच केलं होतं. या वेळी पत्ता खाली लिहिलाय तसाच छापावा.

आपला,
एक जुना वर्गणीदार
टिळकवाडी, बेळगाव