नोटिशीआधी एक पान: अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. अर्थमंत्री,
स. न. वि. वि.

वर देशाचं नाव लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. नव्याने स्वतःचा धंदा मांडणाऱ्याला कर कसा भरायचा हे आधी कुणी सांगत नाही, याबद्दल लिहितो आहे, आणि हे बहुतेक देशांच्या करखात्यांत सारखंच घडतं. त्यामुळे हे पत्र ज्या अर्थमंत्र्यांच्या हाती पडेल त्यांनी ते आपल्यालाच आलं आहे असं समजावं. मी हिशेबनीस आहे. नोकरी सोडून नुकताच स्वतःचा धंदा मांडलेली माणसं माझ्याकडे येतात. कुणी भाषांतर करतं, कुणी विजेची कामं घेतं, कुणी घरांची अंतर्गत सजावट. बहुतेक जण येतात ते पहिलं वर्ष उलटल्यावर, हातात तुमच्या खात्याचा कागद घेऊन.

या माणसांना कर का कळत नाही, याचं उत्तर तुमच्याच खात्याच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात सरकारांना पैसा हवा होता आणि त्यासाठी वर्षअखेरीपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. म्हणून अमेरिकेने १९४३ साली आणि ब्रिटनने १९४४ साली पगारातूनच आयकर कापून घेण्याची आजची पद्धत बसवली. वसुलीची उत्तम सोय झाली, यात वाद नाही. पण पगारदाराच्या हाती पडू लागली ती कर वजा जाता उरलेली रक्कम. खात्यात आलं ते आपलं, ही सवय दहा-पंधरा वर्षांच्या नोकरीत अंगात मुरते. मग एक दिवस तो राजीनामा देतो. पहिलं बिल वसूल होतं आणि पूर्ण रक्कम खात्यात येते. कुणी काही कापलेलं नसतं. त्याला वाटतं, बरं झालं नोकरी सोडली!

त्या रकमेत किती जणांचा वाटा आहे हे त्याला कोण सांगणार? बिलात विक्रीवरचा कर असेल तर तेवढे पैसे एक दिवसही त्याचे नसतात. शंभराच्या बिलावर वीस कर लावून एकशेवीस आले, तर वरचे वीस तो सरकारच्या वतीने सांभाळतो आहे. खरेदीवर स्वतः भरलेला कर त्यातून वजा करायचा आणि बाकी भरायची. मूल्यवर्धित कराची ही मांडणी १९५४ साली फ्रान्समध्ये मॉरिस लोरे या करअधिकाऱ्याने प्रत्यक्षात आणली आणि तेव्हापासून जगभरचे विक्रेते सरकारचे बिनपगारी वसुली कारकून झाले. माझी तक्रार पगाराची नाही. कारकुनाला नेमणूकपत्र तरी द्या, एवढंच म्हणतो आहे.

सामाजिक सुरक्षेच्या, म्हणजे म्हातारपण-आजारपणासाठी सरकारकडे भरायच्या वर्गणीचंही तसंच. अमेरिकेत नोकरदाराच्या पगारातून ७.६५ टक्के जातात आणि तेवढेच मालक स्वतःच्या खिशातून घालतो. मालकाचा भाग पगारपत्रकावर बहुधा दिसतच नाही. स्वतःचा धंदा सुरू झाला की कामगारही तोच आणि मालकही तोच, म्हणून आकडा होतो १५.३. हे गणित त्याला कळतं ते विवरणपत्र भरताना.

आता ज्या कोड्याने मी स्वतः पहिल्या वर्षी तोंडघशी पडलो ते सांगतो. हिशेबनीस असून पडलो, याची लाज वाटायची तेवढी वाटून झाली आहे. दुसऱ्यांच्या वह्या लिहिताना जे डोळे मिटून येतं, ते स्वतःचा पैसा असला की दिसत नाही. समजा वर्षभरात हजार आले. भाडं, माल, प्रवास, फोन असा रोजचा खर्च चारशे. एक यंत्र घेतलं, तीनशेचं. घरखर्चासाठी तीनशे उचलले. गल्ल्यात शून्य उरलं. साधा माणूस म्हणेल, काहीच उरलं नाही, मग कर कशावर? पण घरासाठी घेतलेले तीनशे हा खर्च नव्हे, ती मालकाची उचल. नफ्यातून ती वजा होत नाही. यंत्र पाच वर्षं चालणार असेल तर त्याची सगळी किंमत याच वर्षी धरता येत नाही. घसारा म्हणून दरवर्षी साठ. (काही देश छोट्या व्यावसायिकाला पहिल्याच वर्षी पूर्ण किंमत वजा करू देतात. शहाणे आहेत.) म्हणजे हजारातून चारशे गेले, साठ गेले, नफा पाचशेचाळीस. कर त्यावर. शिवाय वर्षअखेरीला शंभराचं एक बिल पाठवून ठेवलेलं असेल आणि हिशेब येण्या-देण्याच्या पद्धतीने (पैसे हाती आले नाहीत तरी बिल पाठवलं की जमा धरायची) लिहिलेला असेल, तर न मिळालेले तेही शंभर धरून नफा सहाशेचाळीस. गल्ला मात्र रिकामाच. यंत्र कर्जाने घेतलं असतं तर आणखी एक फास होता: हप्त्यातलं व्याज खर्चात जातं, मुद्दल जात नाही.

यात कुठेही लबाडी नाही. रोकड आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं एक वाक्य सुरुवातीला कुणी ऐकवलं असतं तर माझे त्या वर्षाचे तीन महिने उसनवारीत गेले नसते.

आणि तारखा! ब्रिटनमध्ये पहिल्यांदा विवरणपत्र भरणाऱ्यावर ३१ जानेवारीला काय कोसळतं ते आपण कधी पाहिलं आहे का? सरलेल्या वर्षाचा पूर्ण कर, आणि सहसा त्याच दिवशी चालू वर्षाच्या कराचा निम्मा आगाऊ हप्ता. म्हणजे ज्याने शंभरची तयारी ठेवली त्याच्याकडे दीडशेची मागणी, आणि ३१ जुलैला आणखी पन्नास. अमेरिकेत आगाऊ कराचे चार हप्ते आहेत, पण १५ एप्रिलनंतर पुढचा लगेच १५ जूनला. तीन महिने धरून बसलेला नवखा दुसऱ्याच हप्त्याला चुकतो. अॅडम स्मिथने १७७६ सालीच सांगून ठेवलं होतं की कर किती, केव्हा आणि कसा भरायचा हे भरणाऱ्याला स्पष्ट ठाऊक असावं आणि वसुली त्याच्या सोयीच्या वेळी व्हावी. आपल्या खात्यातल्या मंडळींना हे पाठ असणार. स्पष्टता नियमपुस्तकात आहेही. नव्या माणसापर्यंत ती पोचत नाही.

आपण म्हणाल, संकेतस्थळावर सगळं आहे, मदतीचा फोन नंबर आहे. आहे ना. पण काय विचारायचं हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी आहे. ‘उचल’ हा शब्दच ज्याने ऐकलेला नाही तो शोधणार काय? तुमची आणि त्याची गाठ नक्की पडते असा दिवस एकच, नोंदणीचा. त्या दिवशी तुम्ही त्याच्याकडून नाव, पत्ता, धंद्याचं स्वरूप, बँकेचं खातं असं सगळं घेता आणि एक क्रमांक देता. त्या क्रमांकाबरोबर एक पान द्या, एवढीच माझी मुख्य मागणी आहे. कायद्याच्या भाषेतलं नको. त्याच्या धंद्याला लागू असलेल्या तारखा, त्याच्याच नावाने छापलेल्या. मग त्यालाच उद्देशून साध्या ओळी: धंद्याचं खातं घरच्या खात्यापासून वेगळं ठेव. दर जमेतून अमुक हिस्सा कराचा म्हणून त्याच दिवशी बाजूला काढ. हा हिस्सा तुमच्या देशातल्या दरांवरून तुमचे अधिकारी पाच मिनिटांत काढतील. रोकड आणि नफा यांच्यातला फरक, वरच्यासारख्या एका उदाहरणाने. पान वाचल्याची सही घ्या हवं तर. इतक्या सह्या घेता, त्यात ही एक.

काहींनी याच्याही पुढची सोय केली आहे. फ्रान्समध्ये २००९ पासून छोट्या स्वयंरोजगारी माणसासाठी अशी पद्धत आहे की दर महिन्याला किंवा तिमाहीला उलाढाल कळवायची आणि तिच्या ठरलेल्या टक्क्यांनी वर्गणी भरायची; अटीत बसणाऱ्याला आयकरही त्याच हिशेबात मिटवता येतो. उलाढाल शून्य तर वर्गणी शून्य, फक्त शून्य कळवायला विसरायचं नाही. प्रत्यक्ष खर्च मात्र वजा होत नाही, म्हणून माल विकत घेऊन थोड्या नफ्यावर विकणाऱ्याचं त्यात नुकसान होऊ शकतं. भारतात ठरावीक मर्यादेपर्यंत जमा असलेल्या डॉक्टर, वकील, वास्तुविशारद अशा व्यावसायिकांना जमेच्या निम्मी रक्कम नफा धरून कर भरता येतो आणि आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदाच भरला तरी चालतो. या सवलती मला आवडतात, पण एक धोका दिसतो. वह्या ठेवायची सक्ती नाही म्हटल्यावर माणूस काहीच लिहीत नाही, आणि धंदा खरोखर चालला आहे की नाही हे त्याचं त्यालाच कळेनासं होतं. लुका पाचोली या इटालियन धर्मगुरूने १४९४ साली व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची जी पद्धत छापून ठेवली तिच्यात तीन वह्या होत्या, आपल्या भाषेत कच्ची वही, कीर्द आणि खतावणी. एकट्या माणसाने त्यातली पहिलीच रोज लिहिली तरी पुष्कळ झालं. तारीख, कोणाकडून, कशाबद्दल, किती. हेही त्या पानावर छापा.

दंडाबद्दल थोडंच. ब्रिटनने २०२३ पासून मूल्यवर्धित कराच्या विवरणपत्राला उशीर झाला तर आधी दर चुकीमागे नुसता एक दंडगुण नोंदवायला सुरुवात केली. ठरावीक गुण भरल्यावरच दंड. पहिल्या वर्षाच्या चुकीला हीच रीत सगळ्या करांसाठी लावता येईल. मुद्दाम लपवणाऱ्याला सोडा असं मी म्हणत नाही. माझ्याकडेही असे येतात, आणि त्यांना तारखा तोंडपाठ असतात.

त्या पानाचा मसुदा मी तयार केला आहे. एका बाजूला मावतो. आपण मागवलात तर पाठवतो, मोबदला नको.

आपला,
एक हिशेबनीस

ता. क. पावत्या कित्येक वर्षं जपून ठेवाव्यात असा बहुतेक सगळ्यांचा नियम आहे. दुकानातल्या छोट्या यंत्रातून निघणाऱ्या पावत्या उष्णतेने छापलेल्या असतात, आणि उन्हात किंवा पाकिटात राहिल्या तर काही महिन्यांत कोऱ्या होतात. गेल्या आठवड्यात एकाने पिशवीभर आणल्या, त्यातल्या निम्म्या पांढऱ्या. त्या दिवशीच फोटो काढून ठेव, ही ओळ मसुद्यात नव्हती. आता घातली आहे.