आई-बाबा, चार दिवस फोन का लागला नाही ते सांगते

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा रात्री इथे ऑस्ट्रेलियात, डार्विनला घरी पोचलो. सगळे ठीक आहोत, कॅरॅव्हॅन धुवून अंगणात उभी आहे आणि मुलं शाळेत गेलीत. फोनवर आई तू रडलीस आणि मी "रेंज नव्हती गं" म्हणून वेळ मारून नेली. रेंज नव्हती हे खरंच आहे, काकाडूच्या जंगलात जबिरू गाव आणि मुक्कामाच्या एकदोन जागा सोडल्या की मोबाईल म्हणजे नुसतं घड्याळ. पण एक गोष्ट मी सांगितली नाही. ती फोनवर धड सांगता आली नसती म्हणून हे लिहितेय. आई, बाबांना मोठ्याने वाचून दाखव, मधलं गाळू नकोस.

आधी प्रवासाचं. डार्विनहून दक्षिणेला लिचफील्ड, मग कॅथरीनजवळचं निटमिलुक, मग मटारांका, आणि परत येताना पाइन क्रीकवरून उजवीकडे वळून काकाडू, असा गोल. ही कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे जोडलेलं १९ फुटी घरच आहे, मुलांना वरखाली दोन बर्थ, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, आणि एसी, पण तो जिथे लाइटचं कनेक्शन मिळेल तिथेच चालतो. स्टुअर्ट हायवेवर स्पीड लिमिट १३० आहे पण तुमच्या जावयांनी काटा ९० च्या वर जाऊ दिला नाही, कारण समोरून रोड ट्रेन येतात, एका ट्रकला तीन-तीन ट्रेलर, लांबी ५० मीटरच्या वर, आणि ती शेजारून गेली की आपला डबा आधी बाजूला ढकलला जातो आणि मग तिच्याकडे ओढला जातो. पहिल्या वेळी धाकटी इतकी घाबरली की तिने माझा हात कॅथरीन येईपर्यंत सोडला नाही.

लिचफील्डला वारुळं बघितली. बाबा, तुम्हाला ती फार आवडली असती. एका मैदानात शेकडो, आणि सगळी चपटी, उभ्या पाटीसारखी, आणि सगळ्यांची धार उत्तर-दक्षिण! वाळवी ती अशी मुद्दाम बांधते, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन रुंद बाजूवर पडतं आणि दुपारी सूर्य डोक्यावर आला की फक्त कडेवर, आतली हवा फार तापत नाही. वाळवीला दुपारचं ऊन कळतं. हे मी तिथे मुलांना हौसेने समजावून सांगितलं, आणि चार दिवसांनी मीच काय केलं ते पुढे येईलच.

निटमिलुकला तेरा दऱ्या आहेत, एकामागे एक, उंच लाल कडे आणि मधून नदी. १९८९ मध्ये ही जमीन तिथल्या मूळ जावोयन लोकांना परत मिळाली, आता तिथला कारभार तेच सरकारबरोबर बघतात. निटमिलुक म्हणजे त्यांच्या भाषेत सिकाडा किड्याची जागा, आणि खरंच संध्याकाळी झाडं अशी किर्र ओरडायला लागतात की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. आई, तुझा पहिला प्रश्न मगर, माहितीये मला. दोन जातीच्या असतात. एक बारीक तोंडाची, गोड्या पाण्यातली, ती त्रास दिल्याशिवाय सहसा वाटेला जात नाही. दुसरी खारी, पाच-पाच मीटर वाढणारी, आणि नाव खारी असलं तरी गोड्या पाण्यातही राहते, ती माणूस खाते. पावसाळ्यात पूर आला की ती वरपर्यंत येते, म्हणून पावसाळा संपला की रेंजर लोक सगळे डोह तपासतात, सापळे लावतात, आणि मगच पोहायची पाटी लावतात. पाटी नाही तर पाय बुडवायचा नाही, एवढं साधं आहे. ताडोबाच्या तळ्यावर बाबा आम्हाला काठापासून वीस पावलं मागे उभं करायचे ना, तसंच मी मुलांना केलं.

मटारांकाचं मात्र आई तुझ्यासाठी लिहितेय. ताडाच्या झाडांच्या सावलीत झऱ्याचं पाणी, काचेसारखं स्वच्छ, बारा महिने ३४ डिग्री. उनकेश्वरच्या गरम झऱ्यावर तू गुडघ्यासाठी जायचीस त्याची आठवण आली, फक्त इथे गंधकाचा वास नाही आणि पाणी अंगाला भाजत नाही. उतरायला पायऱ्या आहेत. मी अर्धा तास नुसती बसून होते आणि सारखं मनात येत होतं की इथे तू हवी होतीस, तू एकदा पाण्यात बसलीस की उठायचं नावच घेत नाहीस.

आता काकाडू. जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्रपूर जिल्ह्याच्या पावणेदोन पट एकच जंगल. तिथले मूळ लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात, आणि आम्ही गेलो तो गुरुंग, कोरड्या उन्हाचा, आपल्या नवतपासारखा म्हण. पाणी आटत जातं आणि सगळे पक्षी उरलेल्या पाणथळावर गोळा होतात. यलो वॉटरला पहाटेच्या बोटीत बसलो, हजारोंनी काळीपांढरी हंसबदकं, कमळाच्या पानांवरून चालणारे लांब बोटांचे कमळपक्षी, काळ्या मानेचा लाल पायांचा करकोचा, आणि काठावर ओंडक्यासारखी पडलेली खारी मगर. मोठा तर बोट परत आली तरी उतरायला तयार नव्हता.

तिथेच चूक झाली. बोट नऊ वाजता परत आली, नाश्ता, आवराआवर, आणि बुरुंगकुयच्या खडकांवरची चित्रं बघायला पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. पाटीवर लिहिलं होतं, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी चाला, माणशी तासाला एक लिटर पाणी घ्या. हे म्हणाले आपण चारला येऊ. मी म्हटलं, "अरे मी चंद्रपूरची आहे, ३८ डिग्रीला आमच्याकडे फेब्रुवारी-मार्च म्हणतात, चल." चौघांत मिळून दोन लिटर पाणी होतं.

चित्रं अप्रतिम होती, विजेचा देव नामर्रगोन, त्याच्या गुडघ्यांना आणि कोपरांना दगडी कुऱ्हाडी, त्या ढगांवर आपटून तो वीज पाडतो. मी ती बघत उभी, आणि मागून धाकटी म्हणाली, आई, दादा पांढरा झालाय. तो भिंतीला टेकून बसला होता, घामाने थबथबलेला आणि हात गार, डोकं फुटतंय म्हणाला आणि उलटी झाली. आमचं पाणी तेव्हा संपलं होतं. गाडी खाली, फोनला रेंज नाही. मला पुढच्या दोन मिनिटांचं काही आठवत नाही.

तिथे तुमच्याच वयाचं एक जोडपं होतं, रिटायर होऊन वर्षभर कॅरॅव्हॅनमध्ये फिरणारं, असे इथे खूप भेटतात. त्या आजींनी काही न विचारता त्याला खडकाच्या सावलीत आडवं केलं, पाय बॅगेवर उंच ठेवले, बूट काढले, टॉवेल ओला करून मानेवर आणि काखेत दिला. आजोबा या वयात उन्हातून गाडीपर्यंत गेले आणि बर्फ आणि मीठ-साखरेचं पाणी घेऊन आले. एकदम नाही, घोट-घोट. पाऊण तासाने त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. संध्याकाळपर्यंत कॅरॅव्हॅनच्या एसीत झोपला, उठला आणि पोळी मागितली, तेव्हा मी बाहेर जाऊन रडले. दोन दिवसांनी जबिरूच्या दवाखान्यातही दाखवलं, काही मागे राहिलेलं नाही, काळजी करू नका.

बाबा, हे सगळं मी तुम्हाला का सांगतेय ते तुम्हाला कळलं असेलच. मे महिन्यात तुम्ही पेन्शनच्या कागदासाठी दुपारी एकला स्कूटरवरून गेलात आणि रस्त्यात चक्कर आली, मला सांगितलंत पित्त झालं. आईने नंतर खरं सांगितलं, तिच्यावर रागावू नका. मीही तुम्हाला नेमकं तसंच लपवणार होते. आपण दोघेही एकच वाक्य बोलतो, "चंद्रपूरच्या माणसाला ऊन काय करणार." पण तुम्ही आम्हाला ताडोबाला मोहर्लीच्या गेटवर न्यायचे तेव्हा असं नव्हतात. पहाटे पाचला उठवायचे, डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा, आणि दहा वाजले की जंगल कितीही छान असो, परत. तहान लागायच्या आधी पाणी प्यायला लावायचे, मी नको म्हटलं तर झाकण उघडून तोंडाला लावायचे. ते बाबा मला परत हवे आहेत, माझ्या मुलासाठी नाही, तुमच्या स्वतःसाठी.

म्हणून दोन गोष्टी. या उन्हाळ्यात बारा ते चार बाहेर जायचं नाही, बँक असो की लग्न असो. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या होळीच्या आत बदला, पैसे मी पाठवते, दादाला सांगितलंय. आणि आई, पन्ह्याचा गूळ किती आणि कैरी किती ते लिहून पाठव, माझं नेहमी आंबट होतं.

दुसरी गोष्ट, पुढच्या जूनमध्ये इकडे या. जून-जुलैत इथे दिवसा तीस-बत्तीस आणि रात्री काकाडूत स्वेटर लागतो. कॅरॅव्हॅनमधला मोठा पलंग तुमचा, आम्ही बाहेर तंबूत झोपू. काकाडूतल्या उबिरच्या खडकावर वाघासारखे पट्टे असलेल्या एका प्राण्याचं चित्र आहे, तो ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून दोन हजार वर्षांहून आधीच नाहीसा झाला, पण कोणीतरी बघून काढलेलं चित्र अजून आहे. आम्ही ते शेवटच्या संध्याकाळी बघितलं, ऊन उतरल्यावर, माणशी दोन बाटल्या घेऊन. मोठा तिथे म्हणाला, हे आबांना दाखवायचं.

रविवारी तुमच्या पाचला फोन करते, आमचे नऊ होतात, मुलं जागी असतात. दुपारच्या उन्हाचं मोठा स्वतः तुमच्याशी बोलणार आहे बाबा. त्याला "हो" म्हणा.

तुमची,
ताई