चाळीतल्या पंख्याशी बोलायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार, वि. वि.

नाव छापू नये असे आपण फोनवर दोनदा बजावलेत, म्हणून हे पत्र नुसत्या ‘काका’ या संबोधनावर आहे. पत्रच लिहू नये असे मात्र आपण म्हणाला नाहीत, तेव्हा तेवढी सवलत मी घेतो. निफाड तालुक्यातल्या आमच्या २५ टनी कांदाचाळीतला पंखा गेला अख्खा हंगाम आपल्या शिकवणीवर चालला. आपली मदत नेमकी कोणती होती हे चारचौघांत तपशिलाने सांगावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आपल्याकडे येण्याआधी मी एक तयार नियंत्रक विकत घेतला होता. काळ्या डब्यातले ते यंत्र चाळीतली आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की पंखा सुरू करी आणि खाली आली की बंद करी. जुलैत पावसाची झड लागली, आणि तो डबा रात्र रात्र बाहेरची ओली हवा कांद्याखाली ढकलत राहिला. आर्द्रता उतरेना म्हणून पंखा थांबेना, आणि पंखा थांबेना म्हणून आर्द्रता उतरेना. मधल्या दोन कप्प्यांतला कांदा काळ्या बुरशीने गेला. विक्रेत्याकडे विचारणा केली, तर आतला प्रोग्रॅम बदलता येत नाही, हवे तर नवे मॉडेल घ्या, असे उत्तर मिळाले. डबा उघडून पाहिला तर चिपवरचा क्रमांकही खरवडून काढलेला होता.

तो डबा पिशवीत घालून मी आपल्या नाशिकच्या घरी आलो, तो दुरुस्त व्हावा एवढ्याच अपेक्षेने. आपण तो बाजूला ठेवलात, टेबलाच्या खणातून काडेपेटीएवढा ईएसपी३२चा बोर्ड, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, काढलात आणि यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडलात. थॉनी हे प्रोग्रॅम लिहिण्याचे सॉफ्टवेअर उघडले, पडद्याच्या खालच्या भागात प्रॉम्प्टचे, म्हणजे आज्ञेची वाट पाहणारे, तीन टोकदार कंस उमटले, आणि आपण लॅपटॉप माझ्यापुढे सरकवलात. आपण सांगितल्याप्रमाणे मी मायक्रोपायथनच्या, म्हणजे अशा चिपांसाठीच्या पायथन भाषेच्या, दोन ओळी टंकल्या: पहिलीने ‘मशीन’ या मॉड्यूलमधून ‘पिन’ मागवली, दुसरीने २ क्रमांकाची पिन (बोर्डावरची तार जोडण्याची जागा) आउटपुट म्हणून बांधली. तिसऱ्या ओळीत तिला १ ही किंमत देऊन एंटर दाबताच बोर्डावरचा निळा दिवा लागला. ० दिल्यावर विझला. हे मी आठ-दहा वेळा केले असेल. आपण काहीच बोलला नाहीत, चहा सांगायला आत गेलात.

त्या दिव्याचे मला एवढे अप्रूप का वाटले, हे आपल्यासारख्या आयुष्य इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये घालवलेल्या माणसाला कदाचित नवलाचे वाटले असेल. माझ्या भाच्याने त्याआधी महिनाभर सी भाषेत हेच करून पाहिले होते. दर बदलाला प्रोग्रॅम कंपाइल करायचा, बोर्डात चढवायचा, मग वाट पाहायची. आणि शेवटी सेन्सर गप्पच राहिला, तर चूक वायरिंगची की प्रोग्रॅमची हे कळण्याची सोय नाही. आपल्या पद्धतीत चिपला एकेक प्रश्न विचारता येत होता आणि तिचे उत्तर तिथल्या तिथे मिळत होते. त्याच संध्याकाळी मी रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर पंखा चालू-बंद करणारा स्विच, ३४ क्रमांकाच्या पिनवर घ्यायला निघालो, तर ती पिन फक्त इनपुटसाठी आहे, असे बोर्डाने तोंडावर सांगितले. ३४ ते ३९ या पिना आउटपुट देत नाहीत, आणि ६ ते ११ या फ्लॅश मेमरीसाठी अडकलेल्या असल्याने त्यांच्या वाटेला जायचे नाही, हे मी कुठे वाचून पाठ केलेले नाही. चुकता चुकताच शिकलो.

चहा घेताना आपण सांगितलेत की, याच कामासाठी पूर्वी आपण ईएसपी८२६६ या जुन्या चिपवर नोडएमसीयू हे फर्मवेअर (चिपमधला मूळ प्रोग्रॅम) टाकून लुआ ही भाषा वापरत होता. ब्राझीलमधल्या रिओच्या विद्यापीठात १९९३ साली जन्मलेली ती भाषा मूळची मायक्रोकंट्रोलरसाठी नव्हे, पण इतकी आटोपशीर की, चाळीसेक किलोबाइट मोकळ्या मेमरीतही ती संसार थाटते. एखादे काम जास्त वेळ अडवून धरले की वायफायचा भाग उपाशी राहून चिप स्वतःच रीसेट होते, ही तिथली खोड सांगताना आपण एखाद्या हट्टी बैलाबद्दल बोलावे तसे बोलत होता. मायक्रोपायथनचे श्रेयही आपण लगोलग ज्याचे त्याला दिलेत. डेमियन जॉर्ज या ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञाने केंब्रिजमध्ये असताना २०१३ साली किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे केले, मूळ पायथन कापून छाटून लहान न करता नवा दुभाषी, म्हणजे लिहिलेल्या ओळी वाचून चिपकडून करवून घेणारा इंटरप्रिटर, पहिल्यापासून लिहिला, आणि तो १९२ किलोबाइट रॅमच्या छोट्या बोर्डावर चालवून सर्वांसाठी खुला केला. माझ्या चाळीतल्या बोर्डासाठी मी त्या कामाचा एक पैसाही दिलेला नाही. तेव्हा हे आभार अर्धे तिकडेही पोचावेत.

खरी शिकवण दुसऱ्या रविवारी झाली. आत-बाहेर तापमान आणि आर्द्रता मोजणारे दोन डीएचटी२२ सेन्सर लावून मी आर्द्रतेच्या टक्क्यांची तुलना करणारा प्रोग्रॅम आणला होता: बाहेरचे टक्के आतल्यापेक्षा कमी असले तर पंखा सुरू. आपण तो वाचलात आणि एवढेच विचारलेत, “आत ३२ अंश आणि ६५ टक्के, बाहेर २४ अंश आणि ७० टक्के. पंखा लावायचा की नाही?” माझ्या प्रोग्रॅमप्रमाणे नाही. आपण मला प्रॉम्प्टवरच सूत्र लिहायला लावलेत, ज्यात तापमानावरून हवेची बाष्प धरण्याची कमाल क्षमता काढायची, तिला टक्क्यांनी गुणायचे आणि एका घनमीटर हवेत प्रत्यक्ष किती ग्रॅम पाणी आहे ते पाहायचे. आतल्या हवेत २२ ग्रॅम निघाले, बाहेरच्या हवेत १५. टक्के जास्त दाखवणारी बाहेरची हवाच खरी कोरडी होती, आणि ढिगाच्या उबेने ती आणखी कोरडी होणार होती. म्हणजे तो काळा डबा तर चुकीचा होताच, पण त्याला शिव्या घालणारा मीही वेगळ्या तऱ्हेने तितकाच चुकत होतो.

या बोर्डावर दशांश अपूर्णांक ३२ बिटांतच साठवले जातात, म्हणून हिशोब कच्चा पडेल का, अशी शंका मी काढली. “सेन्सरच दोन टक्क्यांनी चुकतो, तुम्ही सहावा दशांश कुठे बघता?” या आपल्या उत्तरावर मी पुढे बोललो नाही.

लांब केबलचे दुखणे आपण हाताने बरे केलेत. बाहेरचा सेन्सर बारा मीटरवर होता आणि पाचांतून एकदा तरी वाचन फसायचे. तेव्हा आपण कागदावर त्याचा संदेश काढून दाखवलात: ४० बिट, त्यात सिग्नलची रेघ साधारण २६ ते २८ मायक्रोसेकंद वर राहिली तर ०, सुमारे ७० राहिली तर १, आणि शेवटचे आठ बिट ताळा पाहण्यासाठी. एवढ्या बारीक फरकाचे मोजमाप पायथनच्या ओळींनी करता येत नाही, कारण एक साधी ओळ चालायलाच काही मायक्रोसेकंद जातात आणि मध्येच वापर संपलेल्या मेमरीची झाडलोट सुरू झाली तर मिलिसेकंद जातात. म्हणून ते मोजण्याचे काम फर्मवेअरमध्ये सी भाषेतच लिहिलेले आहे. स्क्रिप्ट फक्त ‘मोज’ म्हणते आणि आकडे घेते. वेळेचे काम सीने करावे आणि निर्णयाचे काम स्क्रिप्टने, ही वाटणी त्या कागदावर मला पहिल्यांदा कळली. मग आपण सिग्नलची रेघ वर ओढून धरणारा १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर काढून ४.७चा लावलात, सेन्सरची वायर पंख्याच्या वायरीपासून हातभर दूर नेलीत, आणि फसलेल्या वाचनाने सगळा प्रोग्रॅम कोसळू नये म्हणून ‘ट्राय’ आणि ‘एक्सेप्ट’ची चौकट घालायला लावलीत.

तरीही पंधरा-सोळा तासांनी पंखा आहे त्या स्थितीत अडकून पडायचा. चालू असेल तर चालूच, बंद असेल तर बंदच. मी वीजपुरवठ्याला दोष देत होतो, आणि आमच्याकडे तो द्यायला फारशी कारणे शोधावी लागत नाहीत. आपण चाळीत आलात, उलट्या केलेल्या क्रेटवर लॅपटॉप ठेवलात, कंट्रोल-सी दाबून चालू प्रोग्रॅम थांबवलात आणि मला म्हणालात, “मोकळी मेमरी किती आहे, ते तिलाच विचारा.” आकडा आला. मग नोंद घेणारे फंक्शन हाताने दहा वेळा चालवून, झाडलोट करून, पुन्हा विचारले. आकडा हजारेक बाइटांनी उतरला होता. पुन्हा दहा वेळा, पुन्हा तेवढाच उतार. दर मिनिटाची नोंद मी यादीच्या शेपटाला जोडत होतो आणि यादी कधीच रिकामी करत नव्हतो. नोंदीमागे शंभर बाइट आणि जेमतेम लाखभर बाइट मोकळे, म्हणजे चाळीतल्या त्या दुखण्याचा वेळ गुणाकारानेच निघत होता. आपण म्हणालात, “याचे राहाटगाडगे करा.” सुरुवातीलाच ६० घरांची पक्की रांग बांधायची, आणि साठावे घर भरले की पुन्हा पहिल्या घरात लिहायचे. इंग्रजी पुस्तकांत या रचनेला काय म्हणतात ते मला नंतर कळले, पण राहाटगाडग्याइतके चपखल नाव मला त्यात सापडले नाही.

बाकीच्या गोष्टी आपल्या लेखी किरकोळ असतील. वीज येऊन बोर्ड सुरू झाला की ‘मेन’ नावाची फाइल आपोआप चालते, पण त्या क्षणी पंखा एक हिसका देऊन थांबायचा. आमचा रिले ० मिळाला की ओढणारा, म्हणजे पंखा सुरू करणारा, आणि पिन बांधताच ती आधी ०वर जात होती. पिन बांधतानाच तिला १ ही किंमत देण्याची युक्ती आपण फोनवर अर्ध्या मिनिटात सांगितलीत. पंख्याचा भार छोट्या रिलेवर टाकू नका, रिलेने कॉन्टॅक्टर (मोठ्या भाराचा स्विच) ओढा आणि त्याच्या कॉइलवर विजेचा झटका जिरवणारा रेझिस्टर-कपॅसिटरचा स्नबर लावा, हेही आपलेच; त्यानंतर पंखा बंद होताना बोर्ड रीसेट होणे थांबले. शेवटी आपण वॉचडॉग लावलात. एकदा सुरू केला की तो थांबवता येत नाही, आणि ठरल्या वेळात प्रोग्रॅमने त्याला थोपटले नाही तर तो बोर्डच नव्याने सुरू करतो. त्याने या हंगामात दोनदा काम केले, दोन्ही वेळा चूक माझी होती.

एका बाबतीत मात्र मी आपल्याशी अजून सहमत नाही. वायफाय अजिबात नको, हा आपला आग्रह मला जरा कडक वाटतो. रात्री घरातून आकडे पाहता आले असते, तर पावसात चाळीपर्यंतच्या माझ्या दोन-चार फेऱ्या वाचल्या असत्या. पण भार जास्त झाला की मोटार बंद पाडणारा ओव्हरलोड रिले आणि भिंतीवरचा हाताने चालवायचा स्विच स्क्रिप्टच्या हाती कधीच द्यायचा नाही, हे आपले म्हणणे मला शंभर टक्के पटले आहे, आणि तो स्विच जिथे होता तिथेच आहे.

यंदा ऑगस्टमध्ये ढिगात सड वाढते आहे असे वाटले, तेव्हा पंखा सुरू करण्यासाठी आत-बाहेरच्या पाण्यात असावा लागणारा फरक मी चाळीतच उभा राहून ३ ग्रॅमवरून २वर आणला. एक आकडा खोडला, दुसरा लिहिला, फाइल जतन केली, बोर्ड पुन्हा सुरू केला. कुणाला फोन करावा लागला नाही, आपल्यालासुद्धा नाही. आपले आभार मानायचे ते नेमके या दोन मिनिटांसाठी, आणि अशी दोन मिनिटे माझ्या वाट्याला यावीत म्हणून आपण जे सहा रविवार घालवलेत त्यांच्यासाठी. आपण पैसे घेतले नाहीत, आणि काकूंनी दर वेळी जेवल्याशिवाय सोडले नाही, याचा उल्लेख केला नाही तर घरी माझी खरडपट्टी निघेल.

शेजारच्या शेतकऱ्याच्या चाळीसाठी मी आता दुसरा बोर्ड बांधतो आहे. पहिल्या संध्याकाळी त्याच्यापुढे मीही लॅपटॉप सरकवला आणि गप्प बसलो. त्याने दिवा चौदा वेळा लावला.

आपला मल्टीमीटर अजून माझ्याकडेच आहे. त्याची लाल पिन सैल झाली होती, ती बदलून घेतली आहे. दिवाळीनंतरच्या रविवारी कांद्याच्या एका गोणीसह तो घेऊन येतो.

आपला नम्र,
एक कांदा उत्पादक, तालुका निफाड