राखणीची पाळी

चि. मनीषास अनेक आशीर्वाद.

बाळूच्या हाती डबा आणि हे पत्र पाठवतोय. परवापासून तुझा फोन बंद लागतोय. तुझी रूममेट म्हणाली, ताई झोपलीय. दोन दोन दिवस कुणी झोपतं का? रागावत नाही. फक्त फोन चालू ठेव.

अर्ध्या मार्कानं तुझं नाव यादीत आलं नाही. 'दादा, आपलं नशीबच फुटकं,' म्हणालीस आणि फोन ठेवलास. तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री विसर्जन झालेलं. शेतात उडदाची रास पडली होती आणि राखणीला जायची पाळी भाऊची होती. तो लेझीम खेळून दमला होता. म्हणाला, 'आज तू जा की रे.' मी कुरकुर करत गेलो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. बैलानं त्याच्या जरा आधी दावं तोडलं होतं, तेवढं पक्कं आठवतं. गावाकडं पळत आलो तर गाव कुठं होतं? नुसता पांढऱ्या मातीचा धुराळा. आपलं घर कुठलं तेच कळेना. हातांनी उकरत राहिलो. भाऊ दुपारी सापडला. कपाळावरचा गुलाल तसाच होता.

आजी येईल त्याला सांगायची, 'ह्यो माझा नशिबाचा.' मला ते ऐकवायचं नाही. मी नशिबाचा, तर भाऊनं काय वाईट केलं होतं?

पण तेव्हा आणखी एक पाहिलं. गावाबाहेरच्या कुडाच्या छपरांतली माणसं बहुतेक वाचली. गेली ती आमच्यासारखी, दगडमातीच्या जाड भिंतींच्या माळवदातली. पावसात गळू नये म्हणून आबा दरसाल माळवदावर मातीचा थर चढवायचे. तीच सगळी अंगावर आली. ती पहाट कुणाच्या हातात नव्हती. माती होती. म्हणून नव्या गावात मागची खोली काढताना मी मिस्त्रीच्या डोक्यावर बसून चारी भिंतींवरून सळईचा पट्टा ओतून घेतला. तुझंही तसंच बघ. कट-ऑफ कुठं थांबणार ते तुझ्या हातात नाही. चुकलेले प्रश्न काढ, कुठला विषय कच्चा राहिला ते...

बघ, पुन्हा शिकवायलाच लागलो. माफ कर पोरी. आत्ता अभ्यासाचं नावसुद्धा काढू नकोस. पीएसआय व्हायचं नाही म्हणालीस तरी चालेल. खरंच चालेल. वेळेवर जेव, खोलीत एकटी बसू नकोस, आणि फोन चालू ठेव.

पहाटे चारला तू सडकेवर पळायला निघायचीस आणि मी मोटारसायकलचा दिवा लावून मागं यायचो. सगळं गाव निजलेलं, आणि पुढं तुझ्या बुटांचा आवाज. दरवेळी वाटायचं, भाऊनं हे बघायला पाहिजे होतं. तुझी चाल त्याच्यावर गेलीय. तुझ्या आईलाही हे कधी बोललो नाही.

त्या रात्री मी नाही म्हणालो असतो तर, हे आजही मनातून जात नाही. त्याला उत्तर नाही. तू त्या अर्ध्या मार्कापाशी अशी बसून राहू नकोस, एवढंच मागणं आहे.

शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतोय. डब्यात शेंगापोळी आहे, रूममेटलाही दे. पुण्यात उतरलो की फोन लावीन. उचल.

तुझा
दादा