मेणवलीच्या घंटेला फलक हवा

महोदय,

वाईजवळच्या मेणवली घाटावर रविवारी गर्दी उसळते. नाना फडणवीसांचा वाडा पाहून झाला की मेणेश्वराजवळची भली मोठी घंटा पोरं बडवतात, फोटो काढतात आणि मिसळ खायला निघून जातात. त्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरीमाता आणि १७०७ हे साल आहे, ते कोणी वाचत नाही. शंकराच्या दारात मेरी कशी, असा प्रश्नही कोणाला पडत नाही!

ही घंटा वसईची. तिथल्या समुद्रकाठच्या किल्ल्यात पोर्तुगीजांनी फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन अशा पंथांचे मठ उभारले. फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये आजही कोरीव थडग्यांवरून चालावं लागतं. वसईतच जन्मलेले गोन्सालो गार्सिया पुढे फ्रान्सिस्कन झाले, १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर गेले आणि १८६२ मध्ये संत ठरले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. ‘किल्ला मिळत नसेल तर तोफेने माझं शीर तरी आत पोहोचवा’ हे त्यांचं वाक्य आख्यायिकाच असावी, पण ती सांगितल्याशिवाय वसईची गोष्ट पुढे सरकत नाही. विजयानंतर तिथल्या घंटा देवळोदेवळी गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची त्यांतलीच.

मेणवलीत चित्रीकरण कशाकशाचं झालं हे मात्र प्रत्येक जण सांगतो. पुरातत्त्व विभाग किंवा ग्रामपंचायतीने घंटेशेजारी चार ओळींचा मराठी फलक लावावा आणि ती बडवण्यावर बंदी घालावी.

– एक वाचक, वाई (जि. सातारा)